आंतोन रुबिनस्टाइन : संगीतकाराला दर्जा मिळवून देणारा पियानोवादक

झारशाहीच्या काळात रशियात पापनिवेदनासाठी चर्चमध्ये जाणाऱ्याला आपले नाव आणि सामाजिक दर्जा नोंदवहीत लिहून द्यावा लागे. सेंट पीटर्सबर्गच्या काझान कॅथीड्रलमध्ये आंतोन रुबिनस्टाइन एकदा असेच गेले असता त्यांनी आपण कलावंत असल्याचे सांगितले. असा दर्जा नोंदणाऱ्याला ठाऊक नव्हता. सरकारी नाट्यगृहात नोकरीला आहात का, कुठे शिक्षक आहात का, अशी विचारणा झाली आणि दोन्ही प्रश्नांना नकार मिळाला. अखेर वडिलांची चौकशी झाली आणि युरोपभर नाव झालेल्या या पियानोवादकाची नोंद व्यापाऱ्याचा मुलगा म्हणून करण्यात आली. चित्रकार व शिल्पकार यांना कला अकादमीतून बाहेर पडताना राजमान्य पदवी मिळत असे. संगीतकार मात्र कायद्याच्या लेखी कुणीच नव्हता. रुबिनस्टाइन यांनी पुढे जे मोठे काम केले, त्याचे मूळ या अपमानात आहे.

त्यांचा जन्म २८ नोव्हेंबर १८२९ रोजी नीस्टर नदीकाठच्या विख्वातिनेत्स या खेड्यात, एका ज्यू कुटुंबात झाला. ज्यू मुलांना सक्तीने सैन्यात भरती करण्याचा हुकूम त्या सुमारास निघाला होता. १८३१ साली आजोबांनी सगळ्या कुटुंबाला बाप्तिस्मा घ्यायला लावला. पुढे हे कुटुंब मॉस्कोला आले. आईने मुलाला पियानोचे पहिले धडे दिले आणि नंतर अलेक्सांद्र व्हिल्लुआं या शिक्षकाकडे सोपवले. नवव्या वर्षी आंतोनने मॉस्कोत पहिल्यांदा लोकांसमोर वादन केले.

१८४० च्या अखेरीस व्हिल्लुआं त्याला पॅरिसला घेऊन गेले. तिथल्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीताच्या सरकारी विद्यालयात, त्याला शिकवावे असा हेतू होता. परंतु प्रवेश मिळाला नाही. ज्या विद्यालयाच्या दारातून परत यावे लागले, त्याच तोडीचे विद्यालय या मुलाने पुढे आपल्या देशात उभे केले. पॅरिसचा मुक्काम अगदीच वाया गेला, असे मात्र म्हणता येणार नाही. शोपँ आणि लिस्झ्ट या दोघांनीही त्याचे वादन ऐकले. लिस्झ्टने जर्मनीत जाऊन रीतसर शिक्षण घेण्याचा सल्ला दिला. गुरुजींनी तो बाजूला ठेवून मुलाला युरोपच्या दौऱ्यावर नेले आणि पुढची दोन-अडीच वर्षे बालचमत्कार म्हणून त्याला गावोगाव मिरवले.

रीतसर शिक्षण लांबले, पण टळले नाही. १८४४ मध्ये आई आंतोन आणि त्याचा धाकटा भाऊ निकोलाय यांना घेऊन बर्लिनला गेली आणि तिथे सीगफ्रीड डेन यांच्याकडे दोघांचा संगीतशास्त्राचा अभ्यास सुरू झाला. १८४६ मध्ये घरची परिस्थिती ढासळली. आई निकोलायसह परतली, आणि सोळा-सतरा वर्षांचा आंतोन व्हिएन्नात एका माळ्यावरच्या खोलीत शिकवण्या करून दिवस काढू लागला. लिस्झ्टकडे मदतीसाठी गेला, तर गुणी माणसाने स्वतःच्या बळावरच पुढे यावे, असे त्याला ऐकावे लागले. पुढे लिस्झ्टने त्या माळ्यावर येऊन त्याची दशा पाहिली आणि हात दिला, हेही नमूद करायला हवे. क्रांतीच्या धामधुमीत रशियात परतताना जकात अधिकाऱ्यांनी त्याची पेटी जप्त केली. आतल्या स्वरलिपीत क्रांतिकारकांचा गुप्त संदेश असावा, अशी त्यांना शंका होती.

सेंट पीटर्सबर्गला राजघराण्यातील ग्रँड डचेस येलेना पाव्हलोव्हना यांनी त्यांना आश्रय दिला. दरबारी आश्रय म्हणजे कलावंताचा सन्मान नव्हे, हे रुबिनस्टाइन जाणून होते. मात्र त्या आश्रयाचा उपयोग त्यांनी करून घेतला. १८५९ मध्ये रशियन म्युझिकल सोसायटी स्थापन झाली, ग्रँड डचेसच्या राजवाड्यात संगीताचे वर्ग भरू लागले आणि सप्टेंबर १८६२ मध्ये रशियातली पहिली कॉन्झर्व्हेटरी सेंट पीटर्सबर्गला सुरू झाली. तिचे पहिले संचालक अर्थातच रुबिनस्टाइन.

हे काम कुणी सहज होऊ दिले नाही. १८६१ साली त्यांनी एक लेख लिहून रशियातले संगीत हौशी लोकांच्या हाती अडकले आहे, कारण या व्यवसायाला देशात काही दर्जाच नाही, असे ठणकावले. समीक्षक स्तासोव्ह त्यांच्यावर तुटून पडले. अशा विद्यालयांतून सामान्य कुवतीचे पदवीधर तेवढे निपजतील आणि रशियन संगीताला जर्मन वळण लागेल, असा त्यांचा आक्षेप होता. बालाकिरेव्ह यांनी तर १८६२ मध्ये निराळी मोफत संगीतशाळा काढली. विरोधकांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नव्हते, कारण रुबिनस्टाइन यांची रुची जर्मन परंपरेतच रुजलेली होती. परंतु पोट कशावर भरायचे, या साध्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या विरोधकांकडे नव्हते. ते रुबिनस्टाइन यांनी शोधले : कॉन्झर्व्हेटरीच्या पदवीधराला मुक्त कलावंत ही राजमान्य उपाधी मिळू लागली. ज्यू विद्यार्थ्याच्या दृष्टीने तिचे मोल अधिकच होते, कारण ज्यूंना नेमून दिलेल्या प्रदेशाबाहेर राहण्याचा हक्क तिच्यामुळे मिळू शकत असे.

आपल्याकडेही ही लढाई फार निराळी नव्हती. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात मौलाबक्षांची गायनशाळा निघाली १८८६ मध्ये. समारंभाचे निमंत्रण आपल्याला येते आणि गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना येत नाही, ही गोष्ट मिरजेत विष्णु दिगंबर पलुस्करांच्या मनाला लागली, असे सांगितले जाते. त्यांचे गांधर्व महाविद्यालय लाहोरला उभे राहिले १९०१ मध्ये.

कॉन्झर्व्हेटरीच्या पहिल्या तुकडीत न्यायखात्यात नोकरी केलेला एक तरुण होता, प्योतर चायकोव्हस्की. १८६५ च्या अखेरीस त्याच्या पदवीपरीक्षेच्या वेळी त्याची रचना सादर झाली. पण लोकांसमोरच्या तोंडी परीक्षेच्या धास्तीने तो स्वतः हजरच राहिला नाही. रुबिनस्टाइन संतापले. तरीही पदवी मिळाली आणि रौप्यपदकही. या शिष्याच्या संगीताचे मोठेपण गुरूने कधी मोकळेपणाने मान्य केले नाही, हा त्यांच्या चरित्रातला न पुसला जाणारा डाग आहे. मॉस्कोत १८६६ साली कॉन्झर्व्हेटरी काढणाऱ्या निकोलायने त्याला आपल्याकडे शिक्षक म्हणून बोलावले.

१८६७ मध्ये आंतोन संचालकपद सोडून पुन्हा मैफलींकडे वळले. १८७२-७३ च्या अमेरिका दौऱ्यात २३९ दिवसांत २१५ कार्यक्रम झाले. या यांत्रिक राबणुकीचा त्यांना उबग आला. पण त्या पैशांतून पीटरहोफला घर झाले. १८७५ मध्ये ‘डेमन’ हा त्यांचा ऑपेरा रंगमंचावर आला.

पियानो शिकणाऱ्या मुलांवर त्यांचे खरे ऋण आहे ते १८८५-८६ च्या ऐतिहासिक मैफलींचे. सात कार्यक्रमांत त्यांनी सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रज रचनाकारांपासून समकालीन रशियन संगीतापर्यंत पियानोवाङ्मयाचा पट मांडला. प्रत्येक कार्यक्रम ते विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य पुन्हा वाजवत. मॉस्कोत शिक्षक झ्वेरेव्ह यांच्याबरोबर आलेला बारा-तेरा वर्षांचा राखमानिनोव्ह या श्रोत्यांत होता. चुकीच्या पट्ट्या दाबल्या जात, हे रुबिनस्टाइन यांच्या वादनाचे सर्वश्रुत वैगुण्य. राखमानिनोव्हच्या स्मरणात मात्र त्या चुका राहिल्या नाहीत, राहिला तो नाद आणि पेडलचा वापर.

१८८७ मध्ये ते पुन्हा संचालक झाले. परीक्षा कडक केल्या, कच्च्या विद्यार्थ्यांना बाहेरची वाट दाखवली. १८८८-८९ मध्ये विद्यार्थ्यांना समोर बसवून पियानोच्या इतिहासावर सप्रयोग व्याख्यानमाला दिली. १८९० मध्ये तरुण पियानोवादक व रचनाकारांसाठी त्यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. रचनेचे पहिले पारितोषिक बुसोनी यांना मिळाले.

आणि १८९१ मध्ये त्यांनी हे सारे सोडले. प्रवेश आणि बक्षिसे गुणवत्तेवर न देता वंशानुसार वाटावीत, म्हणजे ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येला लगाम घालावा, असा दबाव सरकारकडून येऊ लागला होता. रुबिनस्टाइन यांना १८७७ मध्येच वंशपरंपरागत उमरावपद मिळाले होते. गप्प बसले असते तर त्यांचे व्यक्तिशः काहीच बिघडले नसते. ते राजीनामा देऊन ड्रेस्डेनला निघून गेले.

तिथे त्यांनी एकच खासगी शिष्य घेतला, योझेफ हॉफमान. तो बर्लिनहून धड्यासाठी येई. रुबिनस्टाइन स्वतः वाजवून दाखवत नसत. समोर स्वरलिपी ठेवून प्रत्येक स्वर तपासत, आणि एकदा आणलेली रचना पुन्हा आणू देत नसत, कारण पुढच्या वेळी आपण नेमके उलट सांगू आणि मुलाचा गोंधळ होईल, असे त्यांना वाटे. मार्च १८९४ मध्ये हँबर्गला अठरा वर्षांच्या हॉफमानने गुरूचा डी मायनर कॉन्चेर्टो वाजवला. वाद्यवृंदाचे संचालन स्वतः रुबिनस्टाइन करत होते. कार्यक्रमानंतर शिष्याने पुढचा धडा कधी, असे विचारले, तेव्हा आता धडे संपले, असे उत्तर मिळाले. हाच हॉफमान पुढे फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटचा संचालक झाला.

२० नोव्हेंबर १८९४ रोजी पीटरहोफच्या घरी रुबिनस्टाइन यांचे निधन झाले. कॉन्झर्व्हेटरीला हक्काची जागा मिळावी म्हणून त्यांनी जुन्या बोल्शॉय नाट्यगृहाची वास्तू झारकडून मिळवली होती. तिथे उभी राहिलेली नवी इमारत विद्यार्थ्यांसाठी १८९६ मध्ये खुली झाली.