लोहाराचा मुलगा आणि गंजाचा हिशेब

१७९१मध्ये लंडनजवळ एका लोहाराच्या घरी मायकेल फॅरेडे जन्मले. शिक्षण जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरते. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणी शिकू लागले आणि बांधणीला आलेल्या ग्रंथांतूनच त्यांना विज्ञानाची गोडी लागली. १८१३मध्ये ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांचे साहाय्यक झाले. तेथे वडिलांचे लोखंड पुन्हा हाती आले. १८१९मध्ये त्यांनी ‘वुट्झ’ या भारतीय पोलादाचे पृथक्करण केले.

त्यांचा खरा ठेवा मात्र १८३३-३४चा. विद्युत्-रासायनिक क्रियेत विरघळणारा धातू वाहून गेलेल्या विद्युतभाराच्या प्रमाणात असतो, हे त्यांनी दाखवून दिले. तेही उच्च गणित येत नसताना. काँक्रीटमधील सळई गंजताना असाच सूक्ष्म प्रवाह वाहतो. दर चौरस सेंटिमीटरला एक मायक्रोअँपिअर, म्हणजे वर्षाला सुमारे ११.६ मायक्रोमीटर पोलाद गेले. पुलाचे उरलेले आयुष्य अभियंते आजही या हिशेबाने अजमावतात. ओलावा किंवा तापमान बदलले की प्रवाहही बदलतो, त्यामुळे एकाच मोजणीवर विसंबणे धोक्याचे.

‘सर’ हा किताब नाकारणारे फॅरेडे २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे निवर्तले. त्याच उन्हाळ्यात फ्रान्समध्ये झोझेफ मोनिए या माळ्याने लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचे पेटंट घेतले होते. प्रबलित काँक्रीटच्या अगदी आरंभीच्या पेटंटांपैकी ते एक.