मंत्रीपद सोडून शेतात उतरलेला टाउनशेंड आणि क्लोव्हरची टेक्नॉलॉजी

टेक्नॉलॉजी म्हटलं की आपल्याला मोबाईलच आठवतो. पण 300 वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये क्लोव्हर नावाच्या साध्या चाऱ्याने शेतीची सिस्टिम बदलली. आपल्याकडचा बरसीम घास याच क्लोव्हरचा भाऊबंद. या बदलाशी जोडलं गेलेलं नाव म्हणजे चार्ल्स टाउनशेंड.

त्याचा जन्म 1674 चा, नॉरफोकमधल्या रेनमच्या जमीनदार घराण्यातला. पुढे तो राजा पहिला जॉर्ज याचा मंत्री झाला. 1713 मध्ये रॉबर्ट वॉलपोलच्या बहिणीशी, डोरोथीशी, त्याचं दुसरं लग्न झालं. काही वर्षं या दोघा मेहुण्यांनी मिळून सरकार चालवलं. मग वॉलपोलचं वजन वाढत गेलं. 1726 मध्ये डोरोथी वारली. परराष्ट्र धोरणावरून दोघांचं बिनसलं आणि 1730 मध्ये राजीनामा देऊन टाउनशेंडने थेट गाव गाठलं.

तिथली जमीन हलकी, रेताड. जुन्या पद्धतीत जमिनीचा कस भरून यावा म्हणून शेत अधूनमधून वर्षभर पडीक ठेवावं लागायचं. म्हणजे तेवढ्या शेताचं उत्पन्न शून्य! टाउनशेंडने चार वर्षांच्या फेरपालटीचा जोरात प्रचार केला: गहू, सलगम, जव आणि क्लोव्हर. जवाच्या उभ्या पिकातच क्लोव्हर पेरायचा. जव कापला की जमीन उघडी पडत नाही, क्लोव्हर ती झाकून ठेवतो. जनावरांना चारा मिळतो, त्यांचं शेण शेताला मिळतं.

एक गैरसमज मात्र दूर करू. हा शोध टाउनशेंडचा नाही. ही पिकं इंग्लंडमध्ये आधीपासून होती आणि पद्धत मुळात आजच्या बेल्जियमच्या भागातली. ओपन सोर्स कोड दुसऱ्यांनी लिहावा आणि एखाद्या वजनदार माणसाने तो घरोघरी पोचवावा, तसं हे काम.

पण क्लोव्हर नेमकं करतो काय? हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन असतो, पण पिकांना तो थेट घेता येत नाही. क्लोव्हरच्या मुळांवरच्या गाठींमध्ये रायझोबियम जिवाणू राहतात. ते हा नायट्रोजन वापरण्याजोगा करतात. मुळं आणि पाला जमिनीत कुजला की त्यातला वाटा पुढच्या गव्हाला मिळतो.

टाउनशेंड 1738 मध्ये वारला. गाठींचं हे काम जर्मन शास्त्रज्ञ हेलरीगेलने मांडलं ते 1886 मध्ये, म्हणजे जवळपास 150 वर्षांनी. तोपर्यंत शेतकऱ्यांनी कारण माहीत नसताना, फक्त रिझल्ट बघून ही पद्धत चालवली.

गंमत म्हणजे लोकांनी त्याला टोपणनाव दिलं ते सलगम टाउनशेंड. जमिनीत नायट्रोजन भरणाऱ्या क्लोव्हरचं त्यात नावही नाही!