दिवसांचा हिशेब आणि र. धों. कर्वे

डिसेंबर उजाडला की बँकेच्या शाखेत ठेवीदारांपेक्षा कॅलेंडर मागणाऱ्यांची गर्दी मोठी असते. काही वर्षांपूर्वी मी चाकणच्या एका शाखेत अधिकारी होते. तेव्हा कारखान्याच्या गणवेशातच रांगेत उभी राहणारी एक मुलगी दरवर्षी न चुकता कॅलेंडर मागून नेई. दुधाचे खाडे, गॅसची टाकी, भिशीचा हप्ता यांच्या खुणा आपण सगळ्याच जणी करतो. हिच्या कॅलेंडरावर आणखी एक बारीक फुली असे, पाळीची. मराठवाड्यातून आलेले हे जोडपे भाड्याच्या एका खोलीत राहत होते. पहिले मूल लहान होते, दुसरे एवढ्यात नको होते. जावेने सांगितले होते, पाळीच्या मागचे-पुढचे दिवस सांभाळायचे, मधले दिवस बिनधोक. तिने ते काटेकोर पाळले आणि चौथ्या महिन्यात तिला दिवस गेले. काम कंत्राटी, बाळंतपणात पगार थांबणार. कर्जाचा हप्ता पुढे ढकलता येईल का, हे विचारायला ती माझ्या टेबलाशी आली, तेव्हा हे सारे कळले. तिच्या बेरजेत चूक नव्हती. मूळ आकडाच उलटा होता.

आणि मी? दोन मुलांची आई, पदवीधर, रोज लाखोंचे हिशेब तपासणारी. खरा आकडा कोणता, हे मला तरी कुठे ठाऊक होते? घरी जाऊन पुस्तक उघडले, आणि आठवण झाली ती गणिताच्या एका प्राध्यापकाची.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी मुरूड येथे झाला. धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. नऊ वर्षांचे असताना आई, राधाबाई, गेली. पुढे अण्णांनी विधवेशी पुनर्विवाह केला, हिंगण्याची संस्था उभारली आणि ते महर्षी झाले. मुलगा बुद्धीने तल्लख. १८९९ साली मॅट्रिकला पहिला आला. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन गणिताच्या अध्यापनात शिरला. मुंबईचे विल्सन कॉलेज, गणिताच्या अधिक अभ्यासासाठी पॅरिस, अशी प्रतिष्ठेची वाट समोर सरळ पडलेली होती. वडिलांनी विधवांच्या दुःखाला हात घातला. मुलाने सधवांच्या दुःखाकडे पाहिले. दर दीड-दोन वर्षांनी येणारे बाळंतपण, त्यात खंगत जाणारी बाई, आणि त्याविषयी घरात एक शब्द उच्चारण्याची चोरी. हे प्रारब्ध आहे, असे त्या गणितज्ञाला मान्य होईना.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. भारतातले ते पहिले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधले केंद्र त्याच वर्षीचे, हे ध्यानात घेतले म्हणजे हा माणूस काळाच्या किती पुढे होता ते कळते. १९२३ मध्ये त्यांनी या विषयावर मराठीत पुस्तक लिहिले. मिशनरी संस्थेला हे प्रचारकार्य मानवणारे नव्हते. १९२५ साली कॉलेजची नोकरी सुटली. पत्नी मालतीबाई मात्र शेवटपर्यंत खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. दोघांनी विचारपूर्वक मूल होऊ दिले नाही, आणि त्यासाठीची शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली. लोकांना सांगण्याआधी स्वतः करायचे, हा गुण बहुधा वडिलांकडून आला असावा.

त्या काळी दिवस मोजून गर्भधारणा टाळता येते, अशी समजूत युरोपातही होती. मौज अशी की तिथल्या अनेक डॉक्टरांचा हिशेब चाकणच्या त्या जावेसारखाच होता! पाळीलगतचे दिवस धोक्याचे आणि मधले निर्धास्त, असे ते मानत. खरा उलगडा कर्व्यांचे केंद्र उघडल्यानंतर झाला. १९२४ साली जपानमध्ये ओगिनो यांनी, आणि पुढे काही वर्षांत ऑस्ट्रियात क्नाउस यांनी, स्वतंत्रपणे दाखवून दिले की स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी बाहेर पडते. ते जेमतेम एक दिवस टिकते. शुक्राणू मात्र शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणजे मधलेच दिवस खरे जोखमीचे. पुन्हा अडचण अशी की मोजणी पुढच्या पाळीपासून मागे करायची, आणि ती पाळी तर अजून यायची असते. बँकेत वर्ष संपल्याशिवाय ताळेबंद लागत नाही, तसेच हे.

१५ जुलै १९२७ रोजी कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि मरेपर्यंत, सव्वीस वर्षे, ते चालवले. ज्यांना घरात, दवाखान्यात, देवळात कुठेच विचारता येत नव्हते, असे प्रश्न लोक पत्रांनी विचारत, आणि कर्वे त्यांना आडपडदा न ठेवता उत्तरे देत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ साली शंभर रुपये दंड झाला. १९३४ च्या खटल्याचे कारण तर वाचकांना दिलेली उत्तरेच होती. तेव्हा वकीलपत्र घेऊन उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, दोनशे रुपये दंड भरावा लागला. मासिक थांबले नाही. स्त्रीच्या शरीराची माहिती स्त्रीला असणे यात अश्लील काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. दंड करणाऱ्यांना त्याचे उत्तर देता आले नाही.

१९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. सरकारी पातळीवर असे करणारा हा जगातला पहिला देश. कर्व्यांना खरे तर कृतार्थ वाटावे. पण गांधीजींना कृत्रिम साधने अमान्य होती, आणि तत्कालीन आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर त्यांच्याच विचारांच्या. म्हणून पहिला भर पडला दिवस मोजण्यावर. दिल्लीची लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातले रामनगरम येथे बायकांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. रोज एक मणी सरकवायचा. फार थोड्या जोडप्यांना ते साधले. मणी बाईने सरकवायचा, पण नकार ऐकायला नवरा तयार हवा ना! १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले. पुढच्याच वर्षी पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढे तिथे पेनिसिलिन बनू लागले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा, हे कर्वे जन्मभर सांगत आले. त्यातल्या काहींवरचे औषध आपल्या या पट्ट्यात तयार झालेले पाहायला ते उरले नाहीत.

आज ही पद्धत पुष्कळ सुधारली आहे. जिची पाळी नेमाने २६ ते ३२ दिवसांनी येते, तिने आठव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंत जपायचे, असा सोपा नियम आहे. काटेकोर पाळला तर वर्षात शंभरातल्या साधारण पाचजणींना गर्भ राहतो. नेहमीच्या वापरात बाराजणींना. स्राव पातळ आणि तार धरणारा झाला की धोक्याचे दिवस ओळखता येतात. बीज सुटल्यावर अंगाचे तापमान किंचित वाढते. पण तापमान रोज एकाच वेळी, झोपेतून उठताच बघावे लागते. आठवड्याला पाळ्या बदलून रात्री यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या मुलीने ते कधी बघावे? जिची पाळी पुढेमागे होते, तिने या हिशेबावर विसंबू नये. निरोध, तांबी, गोळ्या असे दुसरे मार्ग डॉक्टरांना विचारून निवडावेत. फुली मात्र तिनेही मांडावी. पाळी लांबली, अंगावरून जास्त गेले, तर डॉक्टर पहिला प्रश्न तारखेचाच विचारतात.

दुसऱ्या बाळंतपणानंतर चाकणच्या त्या मुलीने शस्त्रक्रिया करून घेतली. नवऱ्याचे नाव कोणी काढलेच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहितांनी स्त्री-नसबंदीचा आधार घेतलेला दिसतो, पुरुष-नसबंदीचा ०.३ टक्के. रघुनाथरावांनी स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेतली त्याला किती दशके लोटली, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

पुढच्या डिसेंबरात ती पुन्हा आली. खरी मोजणी मी तिला मधल्या काळात समजावून दिली होती. तिला आता तिचा उपयोग नव्हता. तरीही या वेळी तिने दोन कॅलेंडरे मागून घेतली. दुसरे जावेसाठी होते.