मराठीचे परदेशी उपासक : मेजर थॉमस कँडी

मराठी भाषेच्या सेवकांची नामावली सांगताना काही परकीयांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. मेजर थॉमस कँडी हे त्यांपैकी एक होत. त्यांचा जन्म इंग्लंडमध्ये १८०४ साली झाला. ऐन तारुण्यात ते मुंबई इलाख्याच्या फौजेत दाखल झाले. हाताखालच्या शिपायांची भाषा जाणणे हे त्या काळी लष्करी अधिकाऱ्याचे कर्तव्य होते. पण कँडींनी त्या कर्तव्याचे व्रत केले.

कॅप्टन मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. त्या कामी थॉमस व त्यांचे बंधू जॉर्ज या उभयतांनी मोल्सवर्थांस साहाय्य केले. शब्द जमविणे, त्यांचे अर्थ पारखणे, यासाठी शास्त्रीमंडळी नेमलेली होती. पुढे इंग्रजी-मराठी कोशास आरंभ झाला. परंतु प्रकृती ढासळल्याने मोल्सवर्थ १८३६ साली स्वदेशी परतले. अर्धवट राहिलेला तो भार कँडींनी उचलला आणि १८४७ साली ग्रंथ तडीस नेला. मुखपृष्ठावर मात्र आरंभकर्ते म्हणून मोल्सवर्थ यांचे नाव आवर्जून प्रथम घातले. दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्यास देण्याची ही वृत्ती विरळाच.

मध्यंतरी १८३७ साली पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख त्यांजकडे आली. तरवारीऐवजी पाटी-पुस्तकांत त्यांचे आयुष्य गेले. शालेय पुस्तके व कायद्यांची भाषांतरे तपासणे हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. जुन्या मोडी लेखनात वाक्य कोठे संपले, हे वाचणाऱ्याने अजमासाने ठरवावे लागे. विरामचिन्हांची परिभाषा सांगणारे त्यांचे पुस्तक १८५० साली निघाले, आणि स्वल्पविराम, पूर्णविराम मराठी शाळांत रुळू लागले.

त्यांच्या मराठीस दोष नव्हता असे नाही. वाक्यरचना इंग्रजी वळणाची होई, बोलीतील रांगडा शब्द वगळला जाई, अशी टीका पुढील पिढीने केली, व ती निराधार नव्हती. तथापि भाषेस शिस्त लावण्याचे त्यांचे श्रम त्यामुळे कमी ठरत नाहीत. १८७७ साली महाबळेश्वर येथे त्यांनी देह ठेवला.

परक्या मुलखातून आलेल्या माणसाने आपल्या भाषेसाठी आयुष्य वेचले. मग आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी असलेले, कोशातही न सापडणारे शब्द मुलांच्या कानी पडावेत, एवढी काळजी तरी ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी घेऊ नये काय?