त्या मथळ्यात नसलेलं नाव

समजा, तुम्ही एका पेपरच्या डेस्कवर काम करताय. बातमी येते की तुमच्याच शहरात राहणाऱ्या एका बाईंना फिजिक्सचं नोबेल मिळालंय. मथळा काय द्याल? आधी नाव द्याल, बरोबर?

१९६३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात हीच वेळ आली. तिथल्या एका स्थानिक पेपरनं जो मथळा दिला, त्यात नावच नव्हतं. सॅन डिएगोमधल्या एका आईला फिजिक्सचं नोबेल मिळालं, एवढाच त्याचा अर्थ होता.

मी पत्रकारिता शिकतेय. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मथळ्यात आली पाहिजे, हे आम्हाला पहिल्या सेमिस्टरलाच घोकून घेतात. त्यामुळे हा मथळा कळल्यापासून तो डोक्यातून जात नाहीये. त्यात खोटं काहीच नव्हतं. ती दोन मुलांची आई होती. पण मेरी क्युरीनंतर फिजिक्सचं नोबेल मिळवणारी ती जगातली दुसरीच बाई होती. आणि त्या दिवसापर्यंत पोहोचायला तिनं परक्या देशात जवळपास तीस वर्षं अशी काढली होती, की काम चालू आणि पगार एकतर शून्य नाहीतर अर्धामुर्धा.

तिचं नाव मारिया गोपर्ट मायर. तिची गोष्ट पहिल्यापासून बघू.

प्रोफेसरांच्या घरातली मुलगी

मारियाचा जन्म २८ जून १९०६ चा, काटोविट्स नावाच्या गावातला. तेव्हा ते जर्मनीत होतं, आज पोलंडमध्ये आहे. वडील फ्रीडरिश गोपर्ट लहान मुलांचे डॉक्टर आणि प्राध्यापक. त्यांच्या घराण्यात प्राध्यापकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, त्यांची स्वतःची सहावी पिढी. मारिया एकुलती एक. मोठी होऊन नुसतं घर सांभाळणारी बाई होऊ नकोस, असं वडिलांनीच तिच्या मनावर बिंबवलं होतं. म्हणजे सातवी पिढी कोण, हे घरात आधीच ठरलेलं!

ती चार वर्षांची असताना कुटुंब ग्योटिंगेनला आलं. गणित आणि फिजिक्ससाठी त्या काळी जगात याहून मोठं गाव सापडणं कठीण. १९२४ मध्ये तिनं तिथल्या विद्यापीठात प्रवेश घेतला तो गणितासाठी. पण माक्स बोर्न यांच्या वर्गात जाऊन बसली आणि फिजिक्सच्या प्रेमात पडली. क्वांटम मेकॅनिक्स त्याच वर्षांत आणि बऱ्याच अंशी त्याच गावात आकाराला येत होतं. आज आपण परीक्षेसाठी जे पाठ करतो, ते तिच्या डोळ्यांसमोर घडत होतं.

१९२७ मध्ये वडील गेले. आई घरात पेइंग गेस्ट ठेवायची. त्यात एक उंच अमेरिकन तरुण राहायला आला. नाव जोसेफ मायर, विषय केमिस्ट्री. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. जानेवारी १९३० मध्ये दोघांचं लग्न झालं आणि त्याच वर्षी मारियाची डॉक्टरेटही पूर्ण झाली. तिची परीक्षा घेणारे तिघंही नोबेलवाले: जेम्स फ्रँक आणि आडोल्फ विंडाउस यांना ते मिळालेलं होतं, माक्स बोर्न यांना पुढे मिळालं.

थिसिसचा विषयही भन्नाट होता. एखादा अणू प्रकाशाचे दोन कण, म्हणजे दोन फोटॉन, एकदम गिळू शकतो का? तिनं गणितानं दाखवलं की शकतो. पण हे प्रयोगात पाहायला प्रचंड तीव्र प्रकाश हवा आणि तो तेव्हा कुणाकडेच नव्हता. लेसर आला आणि १९६१ मध्ये तिचं म्हणणं खरं ठरलं. आज जिवंत मेंदूतल्या पेशी पाहण्यासाठी जे टू-फोटॉन मायक्रोस्कोप वापरतात, त्यांच्या मुळाशी हीच कल्पना आहे. दोन फोटॉन गिळण्याची ही क्षमता ज्या एककात मोजतात त्याचं नावही जीएम, म्हणजे गोपर्ट मायर.

नवरा प्रोफेसर, बायको कोण?

१९३० मध्येच नवराबायको अमेरिकेला गेले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जोसेफला नोकरी होती. मारियाकडे ग्योटिंगेनची डॉक्टरेट होती, इंग्रजीही येत होतं. नोकरी मात्र नव्हती.

कारण काय? नवरा जिथे नोकरीला, तिथे बायकोला घ्यायचं नाही, असा नियम त्या काळी अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत होता. वशिलेबाजी रोखायला म्हणून केलेला. प्रत्यक्षात त्याचा फटका बसायचा तो बायकांना. त्यात जागतिक महामंदी सुरू झालेली. पुरुषांनाच नोकऱ्या मिळेनात, तिथे प्रोफेसराच्या बायकोचा विचार कोण करणार?

विद्यापीठानं तिला फिजिक्स विभागात मदतनीस म्हणून घेतलं. काम होतं जर्मन भाषेतला पत्रव्यवहार बघण्याचं, पैसे नाममात्र. पण त्यामुळे बसायला जागा मिळाली आणि लायब्ररी, सेमिनार यांची दारं उघडली. मारियानं तेवढंच धरलं आणि कामाला लागली.

इथे एक गोष्ट मला फार आवडते. बाल्टिमोरमध्ये क्वांटम मेकॅनिक्सवर तिच्याशी बोलू शकेल असं फारसं कुणी नव्हतं. मग तिनं काय केलं? आजूबाजूचे लोक जे करत होते ते शिकून घेतलं. नवरा केमिस्ट होता आणि तिथले कार्ल हर्झफेल्ड केमिस्ट्री आणि फिजिक्सच्या सीमेवर काम करायचे. मारिया त्या सीमेवर गेली. रेणूंच्या रंगांवर काम केलं, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केलं, सुरुवातीच्या काही उन्हाळ्यांत ग्योटिंगेनला जाऊन बोर्न यांच्यासोबत लिहीत राहिली.

१९३३ मध्ये तीही वाट बंद झाली. हिटलर सत्तेवर आला, बोर्न आणि फ्रँक दोघांनाही जर्मनी सोडावी लागली. जिथे परतायचं ते ग्योटिंगेन उरलंच नाही. त्याच वर्षी मारियाला मुलगी झाली आणि पाच वर्षांनी मुलगा. मधल्या काळात, १९३५ मध्ये, तिनं डबल बीटा डीके नावाच्या एका अतिदुर्मीळ अणुप्रक्रियेचं गणित मांडलं. शास्त्रज्ञ आजही त्या प्रक्रियेवर मोठमोठे प्रयोग करताहेत. आणि हा पेपर लिहिणाऱ्या बाईच्या हुद्द्याला काही अर्थच नव्हता!

युद्ध, आणि पहिला खरा पगार

पुढे जोसेफची हॉपकिन्समधली नोकरी गेली. १९३९ मध्ये कुटुंब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या आसऱ्याला आलं. मारियाला इथे बसायला खोली मिळाली, पगार नाही. नवराबायकोनं मिळून स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सवर लिहिलेलं पाठ्यपुस्तक १९४० मध्ये आलं आणि पुढे कित्येक वर्षं विद्यार्थी ते वापरत राहिले.

डिसेंबर १९४१ मध्ये सारा लॉरेन्स कॉलेजनं तिला शिकवायला बोलावलं. अर्धवेळ का होईना, शिक्षिकेच्या हुद्द्याची ही तिची पहिली पगारी नोकरी. डॉक्टरेट होऊन अकरा वर्षं झाली होती.

त्याच महिन्यात अमेरिका युद्धात उतरली. पुरुष शास्त्रज्ञ कमी पडायला लागले आणि जिच्यासाठी आजवर जागा नव्हती तिची अचानक गरज भासली. अणुबॉम्बच्या गुप्त प्रकल्पात, युरेनियमचे प्रकार वेगळे कसे करायचे, या कामावर तिची नेमणूक झाली. तिच्या हाताखाली माणसं होती. बाहेर पडली तर डोक्यावर ओझं, की कुणाला काही सांगायचं नाही. आणि बॉम्ब बनत होता तो तिच्या जन्मदेशाविरुद्ध, जिथे तिचे नातेवाईक होते. तिच्या गटानं प्रकाशाच्या मदतीनं युरेनियम वेगळं करून पाहिलं. ती पद्धत तेव्हा उपयोगी ठरली नाही. आपल्या हातून बॉम्बला मदत झाली नाही, याचं पुढे तिला बरंच वाटलं, असं सांगतात.

जादूचे आकडे

१९४६. मुक्काम शिकागो. जोसेफ प्रोफेसर, मारिया स्वयंसेवी असोसिएट प्रोफेसर. हुद्द्यातला स्वयंसेवी हा शब्द नीट वाचा. पुन्हा बिनपगारी!

मात्र शहराजवळच आर्गॉन ही नवी राष्ट्रीय प्रयोगशाळा उभी राहत होती. तिथे तिला अर्धवेळ पगारी काम मिळालं. देणारा कोण? रॉबर्ट सॅक्स, हॉपकिन्समध्ये तिच्याच हाताखाली शिकलेला विद्यार्थी. अडचण एकच होती. काम अणुकेंद्राच्या फिजिक्सचं होतं आणि त्यातलं आपल्याला फारसं येत नाही, असं मारियानं सरळ सांगितलं. वय चाळीस. ती पुन्हा शिकायला बसली.

शिकता शिकता तिला एक विचित्र गोष्ट दिसली. अणूच्या केंद्रात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात, हे तुम्हाला माहीत आहे. यांची संख्या २, ८, २०, २८, ५०, ८२ किंवा १२६ असली, की ते केंद्र जास्त स्थिर असतं. कथिलाचं उदाहरण घ्या. त्यात ५० प्रोटॉन असतात आणि त्याचे तब्बल दहा स्थिर प्रकार निसर्गात सापडतात. इतके दुसऱ्या कुठल्याच मूलद्रव्याचे नाहीत. या संख्यांना जादूचे आकडे म्हणायला लागले. पण हेच आकडे का, ते कुणालाच सांगता येईना.

इलेक्ट्रॉनप्रमाणे केंद्रातले कणही थराथरांत बसत असावेत, अशी कल्पना जुनी होती, पण तिचं गणित २० च्या पुढे चुकायचं. एक दिवस मारिया एन्रिको फर्मी यांच्याशी याच विषयावर बोलत होती. फर्मी खोलीबाहेर जाता जाता सहज विचारून गेले की यात स्पिन-ऑर्बिट कपलिंगचा काही पुरावा दिसतो का? मारियाला त्या क्षणी उत्तर दिसलं. वर्षानुवर्षं जमवलेले आकडे धडाधड जागेवर बसले.

हे स्पिन-ऑर्बिट म्हणजे काय? तिनं आपल्या मुलीला ते नाचाच्या भाषेत समजावलं होतं. हॉलमध्ये जोड्या गोल फिरत नाचताहेत आणि प्रत्येक जोडी स्वतःभोवतीही गिरक्या घेतेय. आपल्याकडचा गरबा आठवा. रिंगण ज्या दिशेनं चाललंय त्या दिशेची गिरकी सोपी जाते, उलट्या दिशेची जड जाते. केंद्रातल्या कणांचंही तसंच. सुलट फिरणाऱ्यांना कमी ऊर्जा लागते, उलट फिरणाऱ्यांना जास्त. हा फरक हिशोबात धरला की थर बरोबर जादूच्या आकड्यांपाशी भरतात.

१९४९ मध्ये तिनं हे प्रसिद्ध केलं. जर्मनीत हान्स येन्सन आणि त्यांचे सहकारी स्वतंत्रपणे याच उत्तराला पोहोचले होते. इथे भांडण होऊ शकलं असतं. पण मारिया आणि येन्सन यांची मैत्री झाली आणि १९५५ मध्ये दोघांनी मिळून यावर पुस्तक लिहिलं.

अखेर खुर्ची मिळाली

१९६० मध्ये सॅन डिएगोच्या नव्या विद्यापीठानं दोघांनाही बोलावलं. मारियाला पूर्ण पगार आणि प्रोफेसरचं पद, दोन्ही एकत्र मिळालं ते आत्ता, वयाच्या त्रेपन्नाव्या-चौपन्नाव्या वर्षी. सातवी पिढी एकदाची प्रोफेसर झाली. पण तिथे पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत तिला स्ट्रोक आला. तब्येत पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही, तरी ती शिकवत राहिली. तीन वर्षांनी नोबेल आलं: अर्धं युजीन विग्नर यांना, उरलेलं अर्धं तिला आणि येन्सन यांना मिळून. २० फेब्रुवारी १९७२ ला ती गेली. फिजिक्सचं नोबेल त्यानंतर पुढच्या बाईला मिळायला २०१८ साल उजाडलं. ती डॉना स्ट्रिकलंड. मध्ये ५५ वर्षं!

आता मुद्द्याचं. ही गोष्ट वाचून तुम्ही म्हणाल, बघा, चिकाटी असली की फुकट काम केलं तरी फळ मिळतं. प्लीज, हा धडा घेऊ नका. मारियाकडे नवऱ्याचा पगार होता, घरकामाला मदत होती, काम सोडू नकोस म्हणणारा जोसेफ होता. हे ज्यांच्याकडे नव्हतं, अशा किती जणी त्या नियमापायी घरी बसल्या असतील? त्यांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत. तीस वर्षं तिनं जे दिलं, ते तीन विद्यापीठांनी जवळजवळ फुकटात घेतलं, हेही खरंच.

आणि हे सगळं फार जुनं आहे असंही समजू नका. लग्न करून अमेरिकेला गेलेली एखादी ताई, मावशी तुमच्याही नात्यात असेल. इथे इंजिनिअर, तिथे एच-४ व्हिसावर. २०१५ पर्यंत त्या व्हिसावर नोकरी करायची परवानगीच नव्हती, नंतरही ती सगळ्यांना नाही. किंवा इतक्या लांब कशाला? नवऱ्याची बदली झाली म्हणून गाव सोडलेली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलेली बाई कदाचित तुमच्या स्वयंपाकघरातच असेल.

तेव्हा आज घरी गेलात की एक करा. आईला विचारा की लग्नाआधी ती काय करत होती, काय सुटलं, आणि नव्या गावात तिनं पुन्हा काय उभं केलं. उत्तर लिहून काढा आणि त्याला मथळा द्या.

अट एकच. मथळ्यात तिचं नाव हवं.