यशवंतराव महाराजांची ड्यूसेनबर्ग

इंदूरचे अखेरचे सत्ताधीश यशवंतराव होळकर (दुसरे) यांचे नाव निघाले की क्रिकेट, माणिकबाग आणि मोटारी या तीन गोष्टी ओघानेच येतात. पैकी सी. के. नायडूंच्या होळकर संघाविषयी आणि त्याने चार वेळा जिंकलेल्या रणजी करंडकाविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. माणिकबागेलाही अलीकडे बरे दिवस आले आहेत. मोटारींविषयी मात्र आपल्याकडे दोनच सूर लागतात, एक कौतुकाचा आणि दुसरा उधळपट्टीच्या तक्रारीचा. दोन्ही पक्ष आवेशाने बोलतात, पण हिशेबाचा कागद कोणीच पुढे करीत नाही. मी काही मोटारींतला जाणकार नव्हे. बऱ्हाणपुरात मुलांना गाणे-वाजवणे शिकवतो. परंतु एका मोटारीचा हिशेब मला जमेल तसा मांडावासा वाटतो, कारण त्यात या राजाचा स्वभाव दिसतो.

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. मुंबईतल्या बावला खून प्रकरणाचे वादळ उठले आणि १९२६ मध्ये वडील तुकोजीराव यांना गादी सोडावी लागली. तेव्हा हा मुलगा जेमतेम सतरा वर्षांचा होता. विवाह त्याआधीच, १९२४ मध्ये, कागलकर घाटग्यांची कन्या संयोगितादेवी यांच्याशी झाला होता. शिक्षण विलायतेत, ऑक्सफर्डपर्यंत. तेथेच एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाशी स्नेह जुळला. १९३० मध्ये पूर्ण अधिकार हाती आले आणि त्याच सुमारास माणिकबागेचे काम निघाले. घराच्या भिंतीपासून खुर्चीच्या पायापर्यंत प्रत्येक वस्तू एका विचाराने घडवायची, निम्मी जुनी आणि निम्मी नवी असे काही ठेवायचे नाही, हा महाराजांचा आग्रह तेथे स्पष्ट दिसतो. मोटारीकडे वळताना हा आग्रह ध्यानात ठेवला पाहिजे.

अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे फ्रेड आणि ऑगस्ट हे ड्यूसेनबर्ग बंधू शर्यतीच्या मोटारी बांधीत. १९२१ मध्ये फ्रान्सची मोठी शर्यत त्यांच्या मोटारीने जिंकली होती. पुढे कॉर्ड नावाच्या धनिकाने कारखाना घेतला आणि जगातील सर्वांत भारी मोटार बांधा, असे फ्रेडला सांगितले. १९२८ च्या अखेरीस जी निघाली ती ‘जे’ मालिका. एका रांगेत आठ सिलिंडर, जवळजवळ सात लिटरचे इंजिन, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि २६५ अश्वशक्ती. त्या काळच्या चांगल्या मोटारींना याच्या निम्मी शक्ती लाभली तरी मालक खूष असत. क्रँकशाफ्टची थरथर मारण्यासाठी त्याला पाऱ्याच्या कुप्या जोडलेल्या होत्या. नको असलेला झणकार पाऱ्याकडून शोषून घेण्याची ही युक्ती मी प्रथम वाचली तेव्हा, खरे सांगायचे तर, मला त्या फ्रेडविषयी गुरुबंधूसारखी आपुलकी वाटली.

१९३२ मध्ये याच इंजिनावर सुपरचार्जर बसवून ‘एसजे’ निघाली. सुपरचार्जर म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबून भरणारा पंखा. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येते आणि जोर वाढतो. शक्ती ३२० अश्वांवर गेली. पण आता किमती पाहा. कारखाना नुसती चासी आणि इंजिन विके. बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची. साध्या ‘जे’ची चासी ९,५०० डॉलरला होती, ‘एसजे’ची ११,७५० डॉलरला. म्हणजे वरच्या ५५ अश्वांसाठी २,२५० डॉलर अधिक. तेव्हाच्या दराने डॉलर पावणेतीन रुपयांच्या आसपास, तेव्हा नुसती चासी सुमारे ३२ हजार रुपये आणि त्यातला वाढीव जोर सहा हजारांचा. त्याच काळात फोर्डची आठ सिलिंडरांची अख्खी मोटार पाचशे-साडेपाचशे डॉलरांत दारात येई. एका पंख्याच्या पैशांत चार फोर्ड!

पण तो पैसा एकट्या पंख्याचा नव्हता, हीच यातली मेख आहे. जोर वाढवला की त्याचा धक्का पुढच्या प्रत्येक भागाला बसतो. म्हणून ‘एसजे’मध्ये ॲल्युमिनियमचे कनेक्टिंग रॉड काढून पोलादी नळीचे घातले आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा अधिक कडक केल्या. अंदाजपत्रकात दिसते एक कलम, त्याच्या पोटात दहा कलमे असतात.

सारंगीवाल्याच्या घरात वाढल्यामुळे मला हे निराळे शिकावे लागले नाही. माझे वडील चौदाव्या वर्षी दरबारी वादकांत लागले आणि दोन वर्षांतच दरबार संपला; सारंगी मात्र शेवटपर्यंत त्यांच्या हातात राहिली. एखादा गवई दोन स्वर चढा गाणारा आला की ते प्रथम घोडीकडे पाहात. तांत ताणली की घोडीवरचा दाब वाढतो, घोडी खालच्या कातड्यात रुतते, आणि पस्तीस-छत्तीस तरफा पुन्हा लावाव्या लागतात त्या वेगळ्याच. दोन स्वरांची किंमत दोन स्वरांएवढी कधीच नसते.

मागे माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी, त्यांचे इच्छापूर रस्त्याला गॅरेज आहे, जुन्या फियाटचे इंजिन जोरदार करण्याचे अंदाजपत्रक मला हौसेने दाखवले होते. सिलिंडर बोअर करणे, मोठा कार्ब्युरेटर, हेड घासून घेणे, सगळे बारकाईने लिहिलेले. ब्रेक, क्लच आणि रेडिएटर यांना मात्र एक ओळही नव्हती. मी होळकरांच्या मोटारीची कथा सांगितली. त्यांनी कागद खिशात घातला आणि आठ दिवसांनी दुसरा आणला. त्यावरची बेरीज दुपटीहून थोडी जास्त होती. काम त्यांनी वर्षभर पुढे ढकलले, पण केले पुरते.

महाराजांनी ‘एसजे’ मागवली ती लांब चासीची. बॉडी बांधली लंडनच्या चेल्सी भागातील गर्नी नटिंग यांच्या कारखान्याने, १९३५-३६ च्या सुमारास, मॅकनील या आरेखकाच्या चित्रावरून. एवढ्या लांबलचक गाडीत आसने मात्र दोघांपुरती. रंग नारिंगी आणि काळा. बॉडीसकट पुरती ड्यूसेनबर्ग पंधरा ते वीस हजार डॉलरांपर्यंत सहज जात असे. म्हणजे आपल्याकडचे चाळीस ते पंचावन्न हजार रुपये, आणि तेही मंदीच्या वर्षांत. जगात ‘एसजे’ मोटारी झाल्याच मुळी छत्तिसाच्या आसपास.

एवढा पैसा आला कोठून? होळकरांच्या घराण्यात दौलतीचा आणि खासगीचा हिशेब वेगळा ठेवण्याची जुनी रीत होती आणि अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंतची धर्मकार्ये खासगीतून केली, हे वाचक जाणतातच. पण खाते कोणतेही लिहा, पैसा माळव्याच्या काळ्या मातीतून आणि खरगोणकडच्या निमाडी कापसातून येत होता. आमचे बऱ्हाणपूर १८६० च्या सुमारास इंग्रजांकडे गेलेले, म्हणून आमच्या शेतकऱ्याचा रुपया त्यात नव्हता, शेजाऱ्याचा होता. याच महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ मध्ये गंभीर नदीवर यशवंतसागर बांधला गेला आणि इंदूरला पाणी मिळाले. काही लोक तलाव दाखवून मोटारीचे माप भरू पाहतात. मला ते पटत नाही. तलाव हे राजाचे कर्तव्य होते, मोटार ही त्याची हौस. एकाची जमा दुसऱ्याच्या खर्चावर लिहिता येत नाही. हौसेपुरते बोलायचे तर इतके म्हणेन की या माणसाने ती अर्धवट केली नाही, आणि स्वस्तात उरकण्यासाठी कोणा कारागिराला कमी दर्जाचे काम करायला लावले नाही. त्या काळच्या कित्येक दरबारांत याच्या उलट प्रकार चाले. वादकांची मुले ते विसरत नाहीत.

एक संकल्प मात्र अपुरा राहिला. ब्रांकुसी या शिल्पकाराकडून महाराजांनी पक्ष्यांची तीन शिल्पे घेतली होती आणि त्यांच्यासाठी इंदुरात एक ध्यानमंदिर उभारायचे ठरत होते. १९३७ च्या जुलैत स्वित्झर्लंडमध्ये संयोगितादेवी वारल्या. वय अवघे तेविसाच्या आतबाहेर. त्यानंतर ब्रांकुसी इंदुरास येऊन गेला, पण मंदिराचा दगड बसला नाही. ड्यूसेनबर्गचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला. फ्रेड तर १९३२ मध्येच आपल्या कारखान्याची मोटार चालवताना झालेल्या अपघातानंतर गेला होता.

पुढचे थोडक्यात. महाराजांनी नंतर दोन विवाह केले, दोन्ही अमेरिकन स्त्रियांशी. १९४२ मध्ये हिंदुस्थानच्या प्रश्नात मध्यस्थी करावी म्हणून त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना उघड पत्र लिहिले, तेव्हा इंग्रज सरकारच्या कपाळाला आठ्या पडल्या. २८ मे १९४८ रोजी मध्यभारत संघ झाला. महाराज उपराजप्रमुख झाले, तनखा वर्षाला पंधरा लाख ठरला. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ५३ वर्षांचे होते. गादीचा मान कन्या उषाराजे यांच्याकडे गेला, आणि १९७१ मध्ये तनखेही गेले.

माणिकबागेत केंद्रीय अबकारी खात्याची कचेरी आली. तेथील सामानाचा लिलाव १९८० मध्ये मोनॅको येथे झाला, आणि २०१९ साली त्यातल्याच कित्येक वस्तू पॅरिसच्या संग्रहालयात या राजाच्या नावाने मांडल्या गेल्या. नारिंगी-काळी ड्यूसेनबर्ग अमेरिकेत, जेथे तिचे इंजिन ओतले गेले त्या देशात, एका संग्राहकाच्या ताब्यात गेली. तिची दुरुस्ती करणाऱ्यांनी रंग तोच ठेवला आहे.