लुई ब्रेल : दृष्टिहीनांच्या हाती लेखणी देणारा ख्रिस्तभक्त

कोराडी, नागपूर : प्रभुजन्माचा आनंद मनात ताजा असतानाच दरवर्षी ४ जानेवारीचा दिवस उगवतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्णयानुसार २०१९ पासून हा दिवस जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळला जातो. दृष्टिहीनांच्या लिपीचे जनक म्हणून लुई ब्रेल यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु ते एक श्रद्धावंत कॅथलिक प्रापंचिक होते, चर्चमध्ये ऑर्गन वाजवून उपासनेची सेवा करीत होते, आणि आजच्या विद्युत लेखनयंत्रांचा पूर्वज ठरावा अशा एका यंत्राच्या मुळाशीही त्यांचीच कल्पना होती, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल. त्यांच्या जीवनाचा हा अल्प परिचय.

बालपण आणि अंधत्व

लुई यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूव्रे या खेड्यात झाला. हे गाव पॅरिसच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर आहे. वडील सिमाँ-रने हे घोड्यांचे खोगीर व चामडी सरंजाम बनवणारे कुशल कारागीर होते. आईचे नाव मोनिक. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटा. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कामाच्या जागी खेळता खेळता त्याने एक टोकदार हत्यार हाती घेतले आणि ते निसटून त्याच्या डोळ्यात गेले. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यालाही संसर्ग झाला आणि वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत त्याची दृष्टी पूर्णपणे गेली.

त्या काळी अंध मुलाच्या वाट्याला बहुधा भिक्षापात्रच येई. परंतु आईवडिलांनी लुईला कोपऱ्यात बसवून ठेवले नाही. त्याला काठी घेऊन गावात फिरायला शिकवले, घरची कामे दिली. १८१५ मध्ये गावात आलेले धर्मगुरू आबे झाक पालुई यांनी या बालकाची तीक्ष्ण बुद्धी हेरली आणि त्याला स्वतः शिकवण्यास आरंभ केला. पुढे त्यांच्याच आग्रहामुळे गावच्या शिक्षकाने त्याला इतर मुलांबरोबर वर्गात बसू दिले. धर्मगुरूंनी तेवढ्यावर न थांबता परिसरातील एका उमरावाकडे शब्द टाकला आणि १८१९ च्या फेब्रुवारीत, दहा वर्षांच्या लुईला पॅरिसच्या शाही अंध विद्यालयात प्रवेश मिळाला.

पॅरिसमधील विद्यालय

हे विद्यालय व्हालेंतिन आऊई यांनी स्थापन केले होते. अंधांना वाचता येईल, हा विश्वास जगाला प्रथम त्यांनीच दिला. लुई तेथे गेला तेव्हा ते साँ-फिर्माँ नावाच्या जुन्या गुरुविद्यालयाच्या इमारतीत भरत असे. याच वास्तूत सतराव्या शतकात संत व्हिन्सेंट डी पॉल यांनी आपल्या मिशन संघाची पायाभरणी केली होती आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, सप्टेंबर १७९२ मध्ये, अनेक धर्मगुरूंनी तेथेच हौतात्म्य पत्करले होते. इमारत ओलसर व कोंदट होती. लुईच्या फुफ्फुसांना पुढे जडलेल्या क्षयरोगाचे कारण अनेक चरित्रकार तेथेच शोधतात.

आऊई यांच्या पद्धतीत रोमन अक्षरे कागदावर उठावदार छापलेली असत. ती बोटाने चाचपून ओळखायला फार वेळ लागे आणि असा एकेक ग्रंथ प्रचंड जड होई. त्याहून मोठी उणीव म्हणजे ही अक्षरे अंधांना वाचता येत, पण स्वहस्ते लिहिता येत नसत. ज्याला वाचता येते पण लिहिता येत नाही, तो इतरांचे ऐकतो, स्वतः मात्र बोलू शकत नाही. लुईच्या मनाला हीच उणीव बोचत होती.

सहा ठिपके

१८२१ मध्ये शार्ल बार्बिये या माजी सेनाधिकाऱ्याने उठावदार ठिपक्यांची एक पद्धत विद्यालयापुढे मांडली. ठिपका बोटाला रेषेपेक्षा लवकर कळतो आणि टोकदार साधनाने तो कोणालाही उमटवता येतो, हा तिचा मोठा गुण. परंतु तीत एका चिन्हासाठी बारापर्यंत ठिपके लागत, त्यामुळे एका स्पर्शात ते चिन्ह बोटाखाली मावत नसे. शिवाय ती उच्चारांवर आधारलेली असल्याने शुद्धलेखनाला व विरामचिन्हांना तीत स्थान नव्हते.

दिवसभराचा अभ्यास आटोपल्यावर लुई रात्री कागद आणि टोचणी घेऊन बसे. अनेक प्रयोगांनंतर १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी आकारास आली. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन ठिपके. एवढ्यातून ६३ चिन्हे तयार होतात आणि प्रत्येक चिन्ह बोटाच्या टोकाखाली अचूक मावते. १८२९ मध्ये त्यांनी या पद्धतीचे पुस्तक प्रसिद्ध केले. तीत शब्दांबरोबरच संगीत आणि चर्चमधील पारंपरिक उपासनागायन लिहिण्याचीही सोय होती. विशेष म्हणजे हे पुस्तक जुन्या उठावदार रोमन अक्षरांतच छापावे लागले, कारण नवी लिपी वाचणारे अजून तयार व्हायचे होते.

ब्रेल त्याच विद्यालयात शिक्षक झाले. १८३४ पासून काही वर्षे त्यांनी साँ-निकोला-दे-शाँ या चर्चमध्ये आणि पुढे संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणून सेवा केली.

घरच्या माणसांसाठी एक यंत्र

ब्रेल यांच्या मनात आणखी एक प्रश्न होता. अंध मूल आता लिहू लागले, पण त्याने लिहिलेले पत्र गावाकडची आई कशी वाचणार? तिला ठिपक्यांची लिपी येत नाही. यावर उपाय म्हणून १८३९ मध्ये त्यांनी दुसरी पद्धत प्रसिद्ध केली. तीत नेमून दिलेल्या आकड्यांप्रमाणे ठिपके टोचले की नेहमीच्या रोमन अक्षरांचाच आकार कागदावर उमटे. डोळस माणूस तो डोळ्यांनी वाचू शके आणि अंध व्यक्ती बोटांनी.

पद्धत अचूक होती, परंतु एकेका अक्षरासाठी अनेक ठिपके टोचावे लागत. तेव्हा त्याच विद्यालयाचे माजी विद्यार्थी, स्वतः दृष्टिहीन असलेले पिएर फूको मदतीला आले. त्यांनी १८४१ मध्ये दहा दांड्यांचे एक यंत्र घडवले. प्रत्येक दांडी दाबली की एक ठिपका उमटे, आणि एकेक उभी ओळ पुढे सरकत अक्षर पूर्ण होई. आजही काही बँकांत पासबुकावर ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरे उमटवणारे यंत्र दिसते. त्याचे तत्त्व हेच आहे. दोन अंध मित्रांनी ते विजेच्या दिव्यापूर्वीच शोधून काढले होते.

विरोध, आजार आणि मृत्यू

याच सुमारास कसोटीचा काळ आला. ब्रेल यांना प्रोत्साहन देणारे संचालक पिन्ये यांना १८४० मध्ये पद सोडावे लागले. त्यांच्या जागी आलेल्या द्युफो यांना ही लिपी पसंत नव्हती. अंधांनी डोळसांपेक्षा वेगळी लिपी वापरू नये, असे त्यांचे मत. वर्गातून ठिपके हद्दपार झाले. विद्यार्थी मात्र ते गुपचूप लिहीत राहिले. ज्याला एकदा स्वतःच्या हाताने लिहिता आले, तो ते सोडायला तयार होईना. अखेर उपसंचालक ग्वादे यांनी लिपीची बाजू उचलून धरली आणि फेब्रुवारी १८४४ मध्ये विद्यालयाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी ब्रेल लिपीचा जाहीर गौरव झाला.

तोवर ब्रेल यांची प्रकृती ढासळली होती. १८५१ च्या डिसेंबरात त्यांना मोठा रक्तस्राव झाला. पवित्र संस्कार स्वीकारून, शांत मनाने, त्यांनी ६ जानेवारी १८५२ रोजी, प्रभुप्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी, देह ठेवला. वय अवघे ४३ वर्षे. त्यांनी एक लहान पेटी न उघडता जाळून टाकावी, असे सांगून ठेवले होते. मित्रांनी ती उघडली तेव्हा आत गरजू विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून घेतलेल्या उसन्या पैशांच्या चिठ्ठ्या निघाल्या. कोणालाही ऋणाचे ओझे वाटू नये, अशी त्यांची इच्छा होती. दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, फ्रान्समध्ये त्यांच्या लिपीला अधिकृत मान्यता मिळाली. १९५२ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पाँतेओं या राष्ट्रीय स्मारकात सन्मानाने नेण्यात आले. त्यांचे हात मात्र कूव्रेच्या मातीतच राहिले.

ही लिपी आपल्या अंगणात

महाराष्ट्रात १९०० साली, मोठ्या दुष्काळाच्या काळात, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. सुरुवातीला भारतात ब्रेलच्या अनेक पद्धती प्रचलित होत्या. १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल स्वीकारली गेली. तीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने येतात. आपण ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढतो; ब्रेलमध्ये आधी क आणि मग इ. आपल्या नागपुरात दक्षिण अंबाझरी मार्गावरील अंध विद्यालयातून अनेक पिढ्या हे ठिपके गिरवून बाहेर पडल्या. लुई ब्रेल यांच्या द्विजन्मशताब्दीनिमित्त २००९ मध्ये भारत सरकारने त्यांची प्रतिमा असलेले दोन रुपयांचे नाणे काढले.

आता हे काम विजेवर चालते. ब्रेल छपाई यंत्रात विद्युतचुंबकाच्या बळावर बारीक खिळे जाड कागदावर आपटतात आणि संगणकावरील देवनागरी मजकूर पाहता पाहता ठिपक्यांत उतरतो. ब्रेल पटलावर तर कागदही लागत नाही. सूक्ष्म खिळे वरखाली होऊन ओळ उमटते आणि वाचून होताच दुसरी येते. लेखनासाठी सहा ठिपक्यांच्या सहा कळा असतात. कोराडीचे औष्णिक विद्युत केंद्र घरोघरी दिवे पेटवते हे आपण जाणतो. ज्यांना दिव्याचा उपयोग नाही, त्यांच्या बोटांपर्यंतही तीच वीज शब्द पोहोचवू शकते.

मोबाईल आता सारे वाचून दाखवतो, मग ठिपके कशाला, असे कोणी विचारील. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे शब्द कानाला जवळजवळ सारखेच वाटतात. त्यांतील भेद बोटाला कळतो. ऐकणे हे वाचनाला पर्याय ठरत नाही, आणि लिहिण्याला तर मुळीच नाही.

योहानकृत शुभवर्तमानातील जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, असे विचारले. प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला आणि त्या माणसाच्या जीवनात देवाचे कार्य पाहिले. पुढे तोच मनुष्य विद्वानांसमोर निर्भयपणे साक्ष द्यायला उभा राहिला. आपण दृष्टिहीन बंधुभगिनींचा हात धरून त्यांना चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसवतो, सणावाराला भेट देतो, हे चांगलेच आहे. परंतु आबे पालुई यांनी लुईला भेट दिली नाही, शिक्षण दिले. आपल्या धर्मग्रामात दृष्टिहीन मूल असेल तर त्याला लहानपणीच ब्रेल शिकवण्याची व्यवस्था करावी. रविवारच्या वाचनांची ब्रेल प्रत छापून घेणे आज अशक्य राहिलेले नाही. मग पवित्र मिस्सेत पहिले वाचन करण्यासाठी त्याच बाकावरून एखादी भगिनी उठेल, पानावर बोटे ठेवील, आणि आपण सारे तिच्या मुखातून देवाचा शब्द ऐकू.